मित्रांसाठी घरीच माईनक्राफ्ट सर्व्हर: केबल, पोर्ट आणि सीजीनॅटचा घोळ

आम्ही पाच जण. मी कराडला, दोघं पुण्यात, एक नाशिकला आणि एक नोकरीनिमित्त फ्रँकफर्टला. शनिवारी रात्री एकत्र माईनक्राफ्ट (ठोकळ्यांचं जग खोदायचा-बांधायचा गेम) खेळायचं ठरलं आणि घरात पडून असलेल्या जुन्या पीसीवर सर्व्हर (सगळे ज्याला जोडून खेळतात तो प्रोग्राम) मी उभा करणार असं मीच बोलून बसलो. माझ्या स्क्रीनवर सर्व्हर मस्त चालू. बाकी चौघांना एकच ओळ: ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. दोन शनिवार-रविवार मी राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं, आकड्याने ओळखलं जाणारं दार) उघडत आणि बंद करत बसलो. नाशिककर शेवटी म्हणाला, “राहू दे रे, लुडो खेळू.”

चूक माझ्या सेटिंगमध्ये नव्हतीच. इंटरनेटवाल्याने मला जो पत्ता दिला होता, त्यावर बाहेरून कुणी येऊच शकत नव्हतं. यालाच सीजीनॅट म्हणतात. हे तपासायला दोन मिनिटं लागतात, पण ती दोन मिनिटं मला कुणी सांगितली नाहीत. म्हणून हा लेख. घाई असेल तर आधी ५ वी पायरी करा आणि मग वर या.

आणखी एक. तुमच्या टोळीतले काही जण मोबाइलवर खेळत असतील तर तो ‘बेडरॉक’ माईनक्राफ्ट. खाली लिहिलंय ते पीसीवरच्या ‘जावा’ आवृत्तीबद्दल. दोन्ही एकमेकांना जोडली जात नाहीत. त्यासाठी ‘गीझर’ नावाचं प्लगइन वेगळं टाकावं लागतं. हे सगळ्यांना आधी विचारून घ्या, नाहीतर सर्व्हर तयार झाल्यावर कळतं की निम्मे लोक फोनवर आहेत.

काय काय लागेल

- जुना पण धडधाकट पीसी: ८ जीबी रॅम आणि एसएसडी. ग्राफिक्स कार्डची गरज नाही.
- कॅट ५ई किंवा कॅट ६ लॅन केबल, राउटरपासून पीसीपर्यंत पुरेल एवढी.
- राउटरच्या सेटिंगचा युजरनेम आणि पासवर्ड. वायफायचा पासवर्ड वेगळा, हा वेगळा. बहुतेक वेळा राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो.
- इंटरनेट कनेक्शनचा ग्राहक क्रमांक आणि ज्याच्या नावावर कनेक्शन आहे त्याचा फोन. आमच्याकडे ते बाबांच्या नावावर आहे, त्यामुळे कस्टमर केअरशी बोलताना दरवेळी ओटीपीसाठी बाबांना झोपेतून उठवावं लागलं.
- राउटरसाठी छोटा यूपीएस. हा चैनीत मोडत नाही, का ते शेवटी सांगतो.

१. आधी पिंग बघा, मग खर्च करा

लॅग आला, म्हणजे खेळ अडखळायला लागला, की आपण प्लॅन वाढवतो. ४० एमबीपीएसचं १५० करतो आणि लॅग तसाच राहतो. कारण स्पीड म्हणजे रस्ता किती रुंद; पिंग म्हणजे जाऊन यायला किती वेळ. गेमला रुंदी फारशी लागत नाही. पाच जणांचा माईनक्राफ्ट सर्व्हर काही एमबीपीएसमध्ये भागतो, फक्त ते अपलोडचे हवेत.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. ‘पिंग’, मग जागा, राउटरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), पुन्हा जागा आणि ‘-टी’. टाइप अर्थातच इंग्रजीत. पाच मिनिटं चालू द्या. दुसऱ्या खिडकीत हेच ८.८.८.८ (गुगलचा सर्व्हर) साठी करा.

राउटरचा पिंग केबलवर १ मिलिसेकंदाच्या आत असतो. वायफायवर २ ते ५ ठीक. मध्येच ८०, २०० असे आकडे उडत असतील तर दुखणं तुमच्या घरात आहे, कंपनीला शिव्या घालून उपयोग नाही. राउटरचा पिंग सपाट आणि ८.८.८.८ चा उड्या मारतोय, तर मग बाहेर बघा.

‘बाहेर’ म्हणजेसुद्धा लगेच कंपनी नव्हे. आमच्याकडे रोज रात्री सव्वानऊला लॅग यायचा. अगदी घड्याळ लावून. मी पंधरा दिवस इंटरनेटवाल्याला दोष देत होतो. मग लक्षात आलं: बाबा शतपावली करून सव्वानऊला घरी येतात, त्यांचा फोन वायफायला जोडला जातो आणि दिवसभराचे फोटो आणि व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागतात. अपलोड भरलं की राउटर बाकीची पाकिटं (डेटाचे तुकडे) रांगेत उभी करतो आणि १२ चा पिंग ४०० होतो. याला बफरब्लोट म्हणतात. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ (वाहतुकीला शिस्त लावणारी सेटिंग) असेल तर तिथे मर्यादा खऱ्या स्पीडच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर बाबांच्या फोनचा बॅकअप पहाटेवर टाका. मी दुसरा उपाय केला, फुकट होता.

फ्रँकफर्टवाल्याचा पिंग मात्र कशानेही दोन आकड्यांत येणार नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान ६५ मिलिसेकंद. आणि समुद्राखालच्या केबल सरळ रेषेत जात नाहीत. त्याला १५० च्या आसपास मिळतो, माईनक्राफ्टला तेवढं चालतं. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारखा नेमबाजीचा खेळ खेळायचा असेल तर मुंबईचा सर्व्हर निवडला की आम्ही खूश आणि तो मेला. तिथे वाटाघाटीच कराव्या लागतात.

२. केबल ओढा

सर्व्हरचा पीसी वायफायवर ठेवू नका. तुम्ही एकटे वायफायवर असाल तर लॅग तुमचा एकट्याचा. सर्व्हर वायफायवर असेल तर लॅग पाचही जणांचा.

केबल घेताना फसवणूक इथे होते: ‘कॅट ६’ छापलेल्या स्वस्त केबलमध्ये पुष्कळदा आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा असतो. दुकानात सीसीए म्हणतात. एक तार ब्लेडने हलकी खरवडा. आत चंदेरी दिसलं तर परत द्या. तांबं खरवडलं तरी तांबूसच राहतं.

मापाची केबल करून घ्यायची असेल तर टोकाला आरजे-४५ लावताना रंगांचा क्रम दोन्हीकडे एकच हवा. कनेक्टरची क्लिप खाली, तोंड तुमच्यापासून लांब, तर डावीकडून उजवीकडे: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. मधली निळी जोडी हिरवीच्या पोटात जाते, तिथेच सगळे चुकतात. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही तारा लागतात; १०० एमबीपीएसला चारच पुरतात. म्हणून एखादी तार नीट बसली नाही तरी नेट ‘चालू’ दिसतं, फक्त स्पीड ९५ च्या पुढे सरकत नाही. असं दिसलं तर केबलचं टोक पुन्हा करून घ्या. राउटरचे केबल लावायचे पोर्टच १०० चे असतील, तर मात्र केबल निर्दोष.

गच्चीवरून किंवा दोन इमारतींमधून तांब्याची लॅन केबल नेऊ नका. मी नेली होती, वरच्या मजल्यावरच्या चुलतभावाकडे. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, जवळ कुठेतरी वीज पडली आणि राउटरचे दोन पोर्ट आणि त्याच्या पीसीचं लॅन एका झटक्यात गेलं. उघड्यावरून न्यायचंच असेल तर फायबर न्या. काचेतून करंट येत नाही.

३. सर्व्हरचा पीसी

ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड डबे यासाठी उत्तम. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीच्या आसपास चौकशी करा. प्रोसेसरमध्ये कोअरची संख्या मोजत बसू नका. माईनक्राफ्टचं मुख्य काम एकाच धाग्यावर चालतं, त्यामुळे एका कोअरचा वेग महत्त्वाचा. आठ कोअरच्या जुन्या सर्व्हर मशिनपेक्षा चार कोअरचा त्यातल्या त्यात नवा डबा बरा.

सर्व्हर सेकंदाला २० ‘टिक’ करतो. एका टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम उरकलं नाही की गायी जागेवर थबकतात, फोडलेला दगड पुन्हा उगवतो. लोक याला लॅग म्हणतात आणि नेटला दोष देतात. सर्व्हरच्या काळ्या खिडकीत ‘कान्ट कीप अप’ असं दिसत असेल तर नेट निर्दोष आहे, डबा दमलाय.

विंडोजमध्ये स्लीप बंद करा. हे विसरलात तर रात्री अकराला, तुम्ही पाणी प्यायला उठलात की सगळे एकदम बाहेर फेकले जातील.

४. सर्व्हर चालू करणं

हे तुलनेने सोपं आहे, भराभर सांगतो. माईनक्राफ्टच्या अधिकृत साइटवरून सर्व्हरची जार फाइल घ्या. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, डेस्कटॉपवर नको. ६४ बिटचं जावा टाका. १.१८ ला जावा १७ लागतं, १.२०.५ ला २१. तुमच्या आवृत्तीला कोणतं ते बघून घ्या. चुकीचं असेल तर ‘क्लास फाइल व्हर्जन ६५’ असली भीतीदायक ओळ येते. ६५ म्हणजे जावा २१ मागतोय, एवढाच त्याचा अर्थ.

पहिल्यांदा चालवलं की सर्व्हर लगेच बंद पडतो. घाबरू नका. फोल्डरमध्ये ‘युला’ (वापराच्या अटी) नावाची टेक्स्ट फाइल तयार झालेली असते, ती उघडून ‘फॉल्स’चं ‘ट्रू’ करा आणि पुन्हा चालवा. रॅम ४ जीबी द्या. ८ जीबीच्या पीसीत ७ देऊन टाकणारे लोक आहेत; मग विंडोजच गुदमरतं.

‘सर्व्हर प्रॉपर्टीज’ फाइलमध्ये ‘व्ह्यू डिस्टन्स’ (किती लांबपर्यंतचं जग दिसतं) १० असतं. डबा जुना असेल तर ७ करा. कुणाला फरक कळत नाही.

विंडोज फायरवॉल विचारेल तेव्हा परवानगी द्या, आणि तुमचं नेटवर्क ‘पब्लिक’ नसून ‘प्रायव्हेट’ आहे याची खात्री करा. मग घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून जोडून बघा. घरात जोडलं जात नसेल तर पुढे जाऊ नका.

५. तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात का?

आता मूळ मुद्दा. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही४ पत्ते जगात एकूण ४२९ कोटींच्या आसपासच आहेत. वाटपासाठी ठेवलेला जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला. म्हणून कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. तो प्रकार म्हणजे सीजीनॅट. मोठ्या सोसायटीसारखं समजा: गेटवर एकच पाटी, आत शेकडो फ्लॅट. तुम्ही बाहेर कुणाला पत्र पाठवलंत तर उत्तर बरोबर तुमच्याकडे येतं, कारण वॉचमनने नोंद ठेवलेली असते. पण अनोळखी पाहुणा आपणहून आला, तर कुठल्या फ्लॅटला पाठवायचं हे वॉचमनला ठाऊक नाही. तो सरळ परत पाठवतो. तुमच्या फ्लॅटचं दार तुम्ही कितीही उघडं ठेवा.

तपासायचं असं: राउटरच्या सेटिंगमध्ये ‘स्टेटस’ किंवा ‘वॅन’ (राउटरची बाहेरची बाजू) पानावर जा, तिथला आयपी पत्ता लिहून घ्या. मग ब्राउझरमध्ये ‘माझा आयपी काय’ असं इंग्रजीत शोधा आणि दिसेल तो पत्ता शेजारी लिहा. (नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता दिसला तर आयपीव्ही४ दाखवणारी साइट शोधा.)

दोन्ही सारखे असतील तर नशीबवान आहात, ६ व्या पायरीला जा.

वॅनचा पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या दरम्यान असेल, तर सीजीनॅट. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. काही ठिकाणी १० ने सुरू होणारा पत्ताही देतात, अर्थ तोच. ७ वर जा.

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल तर थांबा, ते वेगळंच. इंटरनेट कंपनीने दिलेल्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा राउटर लावलाय आणि दोन्ही राउटरगिरी करतायत. कंपनीचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून घ्या, म्हणजे राउटरगिरी तुमचा एकटाच राउटर करेल, आणि ही तपासणी पुन्हा करा. पुष्कळदा त्यामागे सीजीनॅट लपलेला असतोच.

कस्टमर केअरला ‘सीजीनॅट’ म्हणून विचारलंत तर समोरचा बहुधा राउटर रीस्टार्ट करायला सांगेल. मला चार वेळा सांगितलं. ‘सीसीटीव्ही कॅमेरा बाहेरून बघायचाय, पब्लिक आयपी हवाय’ असं म्हटल्यावर पाचव्या वेळी लगेच कळलं. खोटं बोला असं मी सांगत नाहीये. आमच्याकडे कॅमेरा खरंच आहे.

६. पब्लिक आयपी असेल तर: पोर्ट फॉरवर्डिंग

आधी राउटरच्या डीएचसीपी (घरातल्या यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये सर्व्हर पीसीला कायमचा आतला पत्ता बांधून द्या, समजा १९२.१६८.१.५०. हे नाही केलं तर लाइट जाऊन आल्यावर तो पत्ता टीव्हीला मिळतो आणि मित्र टीव्हीचं दार ठोठावत बसतात.

मग ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’मध्ये: बाहेरचा पोर्ट २५५६५, आतला पोर्ट २५५६५, पत्ता १९२.१६८.१.५०, प्रकार टीसीपी. बस.

आता सापळा. स्वतःच्याच घरातून बाहेरचा पत्ता टाकून तपासू नका. अनेक राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत, आणि सगळं बरोबर असूनही ‘टाइम्ड आउट’ दिसतं. मोबाइल डेटाच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडा आणि तिथून बघा. पोर्ट तपासणाऱ्या साइट वापरणार असाल तर त्या वेळी सर्व्हर चालू हवा. ऐकणारा कुणी नसेल तर पोर्ट बंदच दिसतो.

‘डीएमझेड’ला पीसी टाकून मोकळं व्हा, असा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका. त्याने एक दार नाही, घराची भिंतच पडते.

पत्ता बदलता असेल तर त्याला कायमचं नाव देणारी डकडीएनएससारखी मोफत सेवा घ्या, म्हणजे मित्रांना दर शनिवारी नवा आकडा पाठवायला नको.

७. सीजीनॅट असेल तर

तीन वाटा आहेत.

पहिली, इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक (न बदलणारा, फक्त तुमचा) आयपी विकत घेणं. स्थानिक केबलवाले पुष्कळदा देतात, पण वरचे पैसे लागतात आणि काही कंपन्या घरगुती कनेक्शनला देतच नाहीत. विचारताना महिन्याचे की वर्षाचे, आणि जीएसटी धरून की वेगळा, ते लिहून घ्या.

दुसरी, आयपीव्ही६. त्यात पत्त्यांची टंचाई नाही, त्यामुळे सीजीनॅटही नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये तेवढी वाट उघडावी लागते. पण पाचही जणांकडे आयपीव्ही६ हवं. आमच्यात तिघांकडे होतं. विषय संपला.

तिसरी वाट आम्ही वापरतो: टेलस्केल. हे सगळ्यांच्या पीसींना एका खाजगी जाळ्यात बांधतं, जणू पाचही जण एकाच घरात बसलेत. सर्व्हर पीसीवर टाका, मित्रांनी आपापल्या पीसीवर टाकायचं, आणि तुम्ही फक्त तो एक पीसी त्यांच्याशी ‘शेअर’ करायचा. मग त्यांनी माईनक्राफ्टमध्ये टेलस्केलने दिलेला पत्ता टाकायचा. पोर्ट फॉरवर्डिंग लागतच नाही. गंमत म्हणजे हा पत्ताही १०० नेच सुरू होतो, टेलस्केल तोच पट्टा वापरतं. त्यामुळे ५ व्या पायरीतला वॅनचा पत्ता आणि हा, यांची गल्लत करू नका. मी केली होती.

जोडल्यावर ‘टेलस्केल स्टेटस’ कमांड द्या. मित्राच्या नावापुढे ‘डायरेक्ट’ असेल तर झकास. ‘रिले’ असेल तर वाहतूक तिसऱ्याच मशिनवरून वळसा घालून चाललीय आणि पिंग वाढणार.

मित्रांपैकी कुणी ‘मी काही इन्स्टॉल करणार नाही’ म्हणणारा असेल (पुण्याचा आहे आमचा) तर ‘प्लेइट’सारखी टनेल सेवा बघा. तिथे फक्त तुम्हालाच सॉफ्टवेअर टाकावं लागतं, पण सगळी वाहतूक त्यांच्या सर्व्हरवरून फिरून येते.

आणि हे सगळं वाचून डोकं गरगरत असेल तर माईनक्राफ्टचीच ‘रेल्म्स’ सेवा महिन्याचे पैसे देऊन घ्या, त्यात मालक सोडून दहा जण खेळू शकतात. कमीपणा काही नाही.

८. कुलूप

पोर्ट उघडलात की काही तासांत अनोळखी लोक येऊन हात लावून जातात. २५५६५ शोधत इंटरनेटभर फिरणारे बॉट आहेत. ‘व्हाइटलिस्ट’ चालू करा आणि मित्रांची नावं एकेक करून घाला. ‘ऑनलाइन मोड’ ट्रूच राहू द्या. तो फॉल्स केला की कुणीही तुमच्या नावाने आत येऊ शकतो. रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट कधीही बाहेर उघडू नका.

बॅकअप म्हणजे सर्व्हरला ‘स्टॉप’ देऊन ‘वर्ल्ड’ फोल्डरची कॉपी. सर्व्हर चालू असताना केलेली कॉपी अर्धवट निघू शकते.

९. लाइट गेली तर

राउटरच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. त्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा मिनी यूपीएस घ्या. कंपनीचा डबा आणि तुमचा राउटर वेगळे असतील तर दोघांनाही लागतो, हे मी एक राउटर जिवंत ठेवून शिकलो. पीसीला साधा यूपीएस एवढ्याचसाठी, की ‘स्टॉप’ टाइप करून जग सेव्ह करता यावं.

हे सगळं करूनही नेट जाऊ शकतं. आमच्या केबलवाल्याचा स्विच शेजारच्या इमारतीच्या जिन्याखाली आहे आणि त्या जिन्याला इन्व्हर्टर नाही. लाइट गेली की आमचा राउटर सगळे दिवे लावून थाटात बसतो आणि नेट नसतं. अशा शनिवारी आम्ही लुडो खेळतो. नाशिककर जिंकतो.